सदर जागेस स्पर्श करू नये

नवं बाळ आलं की आम्ही सांभाळणाऱ्या आया पाळण्याकडे धावायचो आणि फाईलअण्णा कपाटाकडे. बाळ काळं की गोरं, रडतंय की झोपलंय, याच्याशी त्यांचा काही संबंध नसायचा. ते कोरी फाईल काढायचे, तिला दोन भोकं पाडून दोरी ओवायचे, वर नंबर टाकायचे आणि मग चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "हं, आता सांगा, बाळ कुटं हाय?" फाईल होईपर्यंत मूल जन्मलेलंच नाही, असं त्यांचं मत होतं. एकदा पोलिसांनी एक पोर सकाळी आणून सोडलं आणि त्यांचं पत्र आलं दुपारी. मधल्या वेळात अण्णा त्या पोराला हजेरीत धरेनात. पोर तोवर दोन बाटल्या दूध पिऊन ढेकर देऊन मोकळं.

आमची संस्था भूगावच्या पुढे, पौड रस्त्याच्या कडेला. टाकलेली, सापडलेली, आईनं सही करून दिलेली मुलं तिथं असायची आणि दत्तक जायची. काही इथल्याच घरांत, काही परदेशात. मी किनवटकडची. सातवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं, नवरा भूगावात एका बांधकामावर वॉचमन म्हणून आला आणि त्याच्यामागं मी. दोन हजार साली आया म्हणून लागले. मुलूख परका, ओळख ना पाळख, त्यात नोकरी मिळालेली, म्हणून मी दिसेल त्याला नमस्कार करायचे. दूधवाल्यालासुद्धा. काही चुकेल या धास्तीनं एकेका पाळण्याची गाठ तीन-तीनदा बघायचे. अण्णांनी माझं नाव कधी घेतलं नाही. "ए किनवट, डिंकाची बाटली दे हिकडं," एवढंच.

अण्णा मुठा गावचे. सगळी हयात सरकारी कचेरीत घालवून रिटायर झालेले आणि आता संस्थेत कारकून. टोपी पांढरी, खिशाला तीन रंगांची तीन पेनं आणि तोंडात कचेरीतून बरोबर आणलेला एक शब्द, 'निरंक'. म्हणजे काही नाही. सात महिन्यांच्या बाळाचा फॉर्म ते असा भरायचे: व्यवसाय, निरंक. शिक्षण, निरंक. यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय, निरंक. मी एकदा फिस्सकन हसले.

"हसतीस काय? मोकळी जागा सोडली की सायेब म्हनतो, का सोडली? आन् फाईल परत येती. पोर तितंच आन् फाईलच परवास करती."

"पण अण्णा, बाळ कशाला गुन्हा करील?"

"ते तुला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय. कागदाला म्हाईत न्हाई."

मूल परदेशात द्यायचं तर आधी ते देशातल्या माणसांना दाखवावं लागे, आणि त्यांनी नको म्हटल्याचे कागद लागत. हे नकार अण्णा वेगळ्या पुड्यात ठेवायचे. शिकलेली, चांगली नोकरी असलेली माणसं मोटारीतून यायची, बाळाचा हात उलटा करून बघायची, कानामागचा रंग बघायची. आम्ही बाजारात गवार मोडून बघतो तसं. मग कारण लिहायची. 'वर्ण जुळत नाही.' 'मुलगा हवा होता.' एका जोडप्याला बाळ फार आवडलं होतं, पण जन्मवेळ माहीत नव्हती, पत्रिका करता येईना. अण्णांनी तो नकार दोनदा वाचला, त्यावर आवक क्रमांक टाकला आणि म्हणाले, "ह्येंची ह्येंच्या आईबापानं पत्रिका बघून निवड केली आस्ती, तर आज मोटारीत दुसरंच कुनीतरी आस्तं."

चिमीचे असे सहा नकार जमले होते. चिमी हे आमचं नाव, फाईलीत ती कुमारी अक्षता. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला. दूध चमच्यानं, थेंब थेंब पाजावं लागायचं आणि ते काम माझ्याकडे होतं. एका वाटीला अर्धा तास. तरी खुदकन हसायची, आणि हसली की ती फट आणखी रुंद व्हायची. तिचा फोटो काढायला आम्ही पौडला गेलो. पांढऱ्या चादरीआडून मी तिला धरून बसले. नियम असा की डोळे उघडे, दोन्ही कान दिसलेले, तोंड मिटलेलं. फोटोवाला म्हणाला, "अहो अण्णा, हिचं तोंड मिटायचं कसं?" अण्णांनी खिशातून नियमाचा कागद काढला, दोन्ही बाजूंनी वाचला. "फाटक्या ओठाचं कलम न्हाई ह्यात. काढ तसाच. आन् किनवट, तू त्या चादरीमागं खाली बस, तुजा आंबाडा दिसतुया."

शेवटी परदेशातलं एक जोडपं चिमीला घ्यायला तयार झालं. तो सुतार, ती शाळेत मास्तरीण. त्यांची फाईल आली ती चिमीच्या वजनाला भारी. दोघांच्या तब्येतीचे दाखले, पोलिसांचा दाखला, घराचा नकाशा, जिन्याला कठडा आहे की नाही, लग्न कसं चाललंय यावर कुणा बाईनं चार वेळा घरी येऊन लिहिलेला अहवाल, शेजाऱ्यांची पत्रं आणि कुत्र्याला इंजेक्शनं दिल्याचा कागद. अण्णा आम्हाला एकेक पान समजावून सांगत होते. आमच्यातली हौसाबाई, वयानं सगळ्यात मोठी, पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगं बाई! पोर व्हायला एवढं लागतं व्हय? मला तर सासूनं इचारलं बी न्हाई."

"आपल्याला हे समदं इचारलं आस्तं," अण्णा म्हणाले, "तर मुठा गावात एक पोर जल्माला आलं नसतं. मी बी न्हाई."

मी हसले, पण मग घर आठवलं. माझी दोन लेकरं पत्र्याच्या खोलीत, जिन्याचा प्रश्नच नाही. मला कुणी फाईल मागितली असती तर?

त्या जोडप्याची अडचण वेगळी होती. त्यांच्या देशानं दिलेली परवानगी जूनअखेर संपत होती, त्याआधी इथल्या कोर्टाचा हुकूम हवा. पुन्हा काढायची तर वर्ष जाणार, आणि तोवर दोघांच्या वयाची बेरीज नियमाच्या पुढे सरकणार. मग त्यांना चिमी नाही, आणि चिमीला कुणीच नाही, कारण इथले सहा आधीच नको म्हणून गेलेले. त्यात मे महिन्यात कोर्टाला सुट्टी. म्हणजे एप्रिल संपायच्या आत कागद कोर्टात गेलेच पाहिजेत. सगळं तयार होतं. एवढ्यात तिकडून निरोप आला की तब्येतीचा दाखला जुना झाला, नवा पाठवा, आणि त्यात टीबीची चाचणी हवी.

दाखला काढला तेव्हा चिमी चार महिन्यांची होती, आता अकरा महिन्यांची. कागद शिळा झाला तो या कागदांच्याच पायी. हे मी अण्णांना बोलून दाखवलं, तर ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी डिंकाची बाटली भरायला निघून गेले.

सोमवारी डॉक्टरांनी चिमीच्या हातावर, कोपराच्या खाली, बारीकसं इंजेक्शन दिलं. ते बुधवारी येऊन तिथं किती फुगलंय ते पट्टीनं मोजणार होते. ठरल्यापेक्षा जास्त फुगलं तर टीबीचा संशय. त्या जागेला कुणी हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी अण्णांना सांगितलं. अण्णांनी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. 'सदर जागेस स्पर्श करू नये.' तीन प्रती काढल्या. एक फाईलला लावली, एक कार्यालयाच्या फळ्यावर, एक आवक-जावक वहीत.

सोमवारी माझी सुट्टी होती. मंगळवारी आले तर चिमीच्या हातावर लाल फुगवटा. मला वाटलं, काहीतरी चावलं. आमच्याकडे असं काही दिसलं की आई पहिल्यांदा करायची तेच मी केलं. हळद तेलात गरम केली, चांगली चोळून लावली, वरून फडक्यानं शेक दिला. सकाळी एकदा, दुपारी एकदा. चिमी मजेत हात पुढे करून बसली होती.

बुधवारी डॉक्टर पट्टी घेऊन आले. हात कोपरापासून मनगटापर्यंत पिवळाधमक.

"हे काय?"

"हळद," मी म्हणाले. तेव्हाही मला वाटत होतं की ते शाबासकी देतील.

डॉक्टरांनी पट्टी खिशात ठेवली. "आता मी काय मोजू? ही सूज चाचणीची, चोळल्याची, की शेकाची? मी सही करणार नाही."

कार्यालयात मॅडम, म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुख, डॉक्टरांना म्हणाल्या, "अंदाजे काहीतरी लिहा ना हो. बाळ ठणठणीत आहे, दिसतंय आपल्याला." डॉक्टर मान हलवून निघून गेले. मी दाराशी उभी. मॅडमनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "अण्णा, मग सरळ लिहा, आयेच्या निष्काळजीपणामुळे चाचणी वाया गेली, तिला कामावरून कमी केलंय. तिकडच्या लोकांना ॲक्शन घेतलेली दिसायला हवी. आणि दुसरी तारीख मागा."

मला नोकरी दिसत नव्हती. चिमीचा चमचा दिसत होता. माझ्या हातून हिचं घर गेलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

अण्णांनी काळं पेन काढलं. टोपण उघडलं. मग विचारलं, "किनवट, तुला कुनी सांगितलं होतं का, हात लावू नको म्हनून?"

"नाही अण्णा."

"फळ्यावर लावलं होतं की हो!" मॅडम म्हणाल्या.

"फळा हापिसात हाय म्याडम. पोर पाळन्यात हाय." अण्णा खाली बघूनच बोलत होते. "मी तीन परती काढल्या. एक बी पाळन्यापातुर गेली न्हाई. पोराच्या हाताला लावायची चिठ्ठी मी फाईलीच्या हाताला लावली."

आणि त्यांनी लिहिलं. पुढं ते मला वाचून दाखवलं, म्हणून पाठ आहे. 'चाचणीच्या जागेस हळद व शेक लागल्याने सदर चाचणी ग्राह्य नाही. स्पर्श करू नये ही सूचना निम्नस्वाक्षरीकाराने फाईलला लावली, परंतु बाळ सांभाळणाऱ्यांस सांगितली नाही. चूक निम्नस्वाक्षरीकाराची आहे.' खाली सही. मॅडम म्हणाल्या, असा कागद कोर्टात जाऊन संस्थेची शोभा होईल. अण्णा म्हणाले, "व्हय, हुईल."

आठवड्यानं दुसऱ्या हातावर चाचणी घ्यायची ठरली. मधल्या दिवसांत अण्णा चिमीला पुण्यात नेऊन छातीचा एक्स-रे फोटो काढून आले, एसटीनं, मांडीवर घेऊन. रस्ताभर तिनं टोपी ओढली म्हणे. चाचणी झाल्यावर त्यांनी आपली खुर्ची पाळण्याशेजारी आणली. दोन दिवस सकाळी आठ ते संध्याकाळी सहा तिथंच. मांडीवर फाईल, हातात पंखा, येईल त्याला ओरडणं, "हात लावू नका! डाव्या हाताला कुनी हात लावू नका!" हौसाबाई म्हणाली, "अण्णा, पाळण्याला दोन भोकं पाडून दोरी लावा की." ते चिडले नाहीत. जाताना रात्रपाळीच्या बाईला समोर बसवून तेच दोनदा सांगायचे, आणि तिच्याकडून एकदा वदवून घ्यायचे.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी लावली. फुगवटा होता, पण मर्यादेच्या आत. जन्मल्यावर टोचलेल्या लसीनं एवढा येतोच, म्हणाले, आणि सही केली. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी अण्णांनी कागद कोर्टात दिले. जूनमध्ये जज्जसाहेबांनी ते हळदीचं पान वाचलं. अण्णांना उभं करून विचारलं, निम्नस्वाक्षरीकार म्हणजे तुम्हीच का? अण्णा म्हणाले, "व्हय सायेब, मीच." हुकूम झाला. परवानगी संपायला सहा दिवस बाकी होते. पुढं पासपोर्ट, व्हिसा, त्यांच्या डॉक्टरांची पुन्हा तपासणी हे सगळं झालं, आणि एका सकाळी ती मास्तरीण चिमीला घेऊन गाडीत बसली. मी तिला चमचा कसा धरायचा ते हातवारे करून दाखवलं. तिनं वहीत त्याचं चित्र काढून घेतलं. अण्णा तेव्हा गाडीशी नव्हते. कार्यालयात बसून फाईलीवर 'निकाली' लिहीत होते. दोरीची गाठ मात्र त्यांना त्या दिवशी बसेना, ती मी बांधली.

दोन हजार नऊ साली अण्णा गेले. मी मुठ्याला जाऊन आले. पुढच्या वर्षी संस्थेत एक पत्र आलं. मॅडमनी मला बोलावून मराठीत सांगितलं. चिमीचा ओठ आता शिवलाय, शाळेत गाते. आईबापांनी तिची सगळी फाईल तिच्या भाषेत करून घेतलीय आणि ती पुन्हा पुन्हा ते एक हळदीचंच पान मागते. तिचा प्रश्न होता, चूक माझी असं लिहिणारा माणूस कळला, पण मला हळद कुणी लावली होती?

मॅडमनी फाईल काढली. आम्ही दोघींनी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. पोलीस, डॉक्टर, जज्ज, शेजारी, कुत्रा, सगळ्यांची नावं होती. माझं कुठंच नव्हतं. अण्णांनी माझी नोकरी राखली ती मला त्या कागदातून पुरती बाहेर ठेवून. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण चिमीला उत्तर अण्णांच्या फाईलीत मिळणार नव्हतं, म्हणून मॅडमकडून कागद मागून घेतला आणि सातवीपर्यंत आलेल्या अक्षरात पहिली ओळ लिहिली: हळद मी लावली.