फसलीची दहा मिनिटं

शी! आमच्या एडिसन गावातल्या त्या शाळेच्या हॉलमधला श्रीखंडाचा वास अजून माझ्या नाकातून जात नाही.

बाबा माझ्याकडे परदेशात सहा महिन्यांसाठी आले होते. पुण्यात जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आणि इथे खिडकीत बसून शेजाऱ्यांच्या गाड्या बघायच्या! इथल्या मराठी मंडळाने गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात दहा मिनिटं दिली, तेव्हा माणूस उजळला. सोमवारी परतीचं विमान, म्हणजे ही एकच संधी. विषय निवडला फसली सन. "इथे टॅक्स भरायचेच दिवस आहेत, ऐकतील आवडीने," म्हणाले.

फसल म्हणजे पीक. हिजरी वर्ष चंद्राचं, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकणारं. त्यामुळे पीक अजून शेतात उभं आणि शेतसारा मागणारा दारात, अशी पाळी यायची. म्हणून बादशहांनी वसुलीपुरतं पिकाला धरून वेगळं वर्ष काढलं, तेच फसली. आपल्याकडे ते मृगापासून मोजायचे. "आधी पीक घरात येऊ द्यायचं, मग मागायचं," हे बाबांचं शेवटचं वाक्य. आरशासमोर उभं राहून घोकलं होतं त्यांनी.

पण आधी स्पॉन्सर! घरं विकणारा बोलला, टॅक्सवाला तर बोलतच सुटला, वर लकी ड्रॉ. मग बाबा माइकपाशी आले. "फसल म्हणजे..." एवढ्यात अध्यक्ष मागून ओरडले, "काका, शॉर्टमध्ये हं, पुऱ्या गार होतायत!"

झालं. अख्खा हॉल उठला. शिकलेसवरलेले, मोठ्या पगारांचे, आणि ताटल्यांसाठी एकमेकांना कोपरं मारताहेत. बाबा बोलत राहिले. कुणीतरी माइक बंद केला, तरी बोलत राहिले. गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय!

मी अध्यक्षांना गाठलं. मिशीला श्रीखंड लागलेलं.

"बादशहा पीक निघेपर्यंत थांबायचा. तुम्हाला पुरीसाठी दहा मिनिटं धीर धरवला नाही?"

"अगं, चिल यार! काकांना नेक्स्ट इयर फुल स्लॉट देऊ."

बाबांचे गुडघे गेलेत, हा त्यांचा शेवटचा प्रवास, हे मीच त्याला सांगितलं होतं. मेल्याच्या लक्षातसुद्धा नव्हतं.

गाडीत म्हटलं, "बाबा, मला सांगा सगळं. मी ऐकते."

"तू ऐकलंयस गं, चार वेळा," बाबा म्हणाले आणि पट्टा लावायला लागले. "मला एकदा वर्ग हवा होता."