पिवळ्या फ्रॉकचा तुकडा

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो जायच्या आधी त्याच्या उशाशी बसून एकदा तोंड उघडलं होतं — आणि पाणी हवं का, एवढंच विचारलं. आता तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

कुठून सुरुवात करू? दुपट्यापासूनच करते.

आम्ही नागपुरात जुन्या शुक्रवारीत राहायचो — मी, नवरा, आमची दोन मुलं, सासूबाई, दीर आणि धाकटी जाऊ सुमन. सुमनची दोन बाळं पाठोपाठ गेली होती. एकाने तर पाचवीही पाहिली नाही. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा सासूबाईंनी ठरवलं, की या बाळाला नवं काही घालायचं नाही. ज्यांची लेकरं जगली आहेत त्यांच्याकडून त्या लेकरांच्या जुन्या कपड्याचा एकेक तुकडा मागून आणायचा, आणि त्या तुकड्यांचं दुपटं शिवायचं. मागून आणलेल्या चिंध्यांमध्ये गुंडाळलेल्या बाळाकडे काळ बघत नाही म्हणे. आमच्याकडे तशी पद्धतच होती.

सुमन वाढतं पोट सांभाळत घरोघरी पदर पसरून फिरली. हसू नका — मी मात्र तेव्हा मनात हसले होते. कोपऱ्यावरच्या शिंप्याने तिला टेरिलीनची कात्रणं ओंजळभर देऊ केली. ती तिने घेतली नाहीत, कारण ती कुणाच्या अंगावरची नव्हती.

शिवायचं काम वत्सलाकडे होतं. ती मागच्या गल्लीत राहायची. तिच्या घरचे दीक्षा घेतलेले, नवरा गिरणीत. सबंध मोहल्ल्याच्या गोधड्या हिवाळ्याआधी तिच्याच हातून निघायच्या. सुमनची ती मैत्रीण. सासूबाई तिला ओट्याच्या वर येऊ देत नसत, पण टाका तिचाच हवा असे. तिची चारही मुलं धडधाकट, म्हणून सुमनने तिच्याकडेही तुकडा मागितला. वत्सला असलं काही मानत नव्हती. ‘कपड्यानं का लेकरू जगते वं सुमन?’ ती म्हणाली होती. ‘पण तुले बरं वाटते तं घे.’ आणि धाकट्याच्या निळ्या सदऱ्याचा खिसा उसवून दिला.

सगळ्यात शेवटी सुमन माझ्याकडे आली. घरचीच ना मी! माझ्या ट्रंकेत दोन्ही मुलांची झबली, टोपडी, लंगोट — काय वाट्टेल ते होतं. त्यातल्या एका झबल्याचा तुकडा मी तिला दिला; तेवढ्यावर थांबता आलं असतं.

इथे मला जरा थांबावं लागतंय.

माझी पहिली मुलगी माहेरी, खाप्याला जन्मली आणि पालथी पडायला लागायच्या आत तिथेच गेली. सासरच्या कुणी तिला पाहिलंही नव्हतं. मी रिकामी परत आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘पोरगीच तं होती.’ बस. पुन्हा तिचा विषय निघाला नाही. तिच्यासाठी कुणी दारोदार फिरलं नाही, कुणी एक चिंधी मागितली नाही. माझ्या आईने शिवलेला तिचा पिवळा फ्रॉक, छातीवर चुण्या घातलेला, ट्रंकेच्या तळाशी होता. सुमन गेल्यावर मी तो काढला, चुण्यांच्या जागी कातर चालवली आणि तो तुकडा तिला न सांगता परस्पर वत्सलाकडे दिला.

गेलेल्या बाळाचा कपडा जगणाऱ्या बाळाला घालत नाहीत, हे मला माहीत नव्हतं का? लहान पोरीलाही माहीत असतं ते. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले, की माझ्या पोरीलाही कुणाच्या तरी अंगाची ऊब मिळावी म्हणून तो तुकडा दिला. ऐकायला किती बरं वाटतं! खोटं आहे ते. कातर चालवताना मनात एकच होतं — हिच्याच मुलाने का जगावं?

वत्सलाने तुकडा हातात घेतल्याबरोबर चुण्या ओळखल्या. ‘हे तं फ्राकचं दिसते वयनी. तुमाले तं दोनी पोरंच.’ मी म्हटलं, बहिणीच्या मुलीचा आहे. तुकडा मऊ होता म्हणून तिने तो बरोब्बर मधोमध लावला, जिथे बाळाची पाठ येते.

मुलगा झाला. दुपट्यात गुंडाळून सुमन त्याला ओट्यावर घेऊन बसायची आणि त्याला तुकडे दाखवत आयांची नावं सांगायची — ही अमकी काकू, ही तमकी मावशी, ही तुझी मोठी आई. मोठी आई म्हणजे मी. माझ्याकडे बघून तो हसायचा. मी त्याला आंघोळ घालायचे, पायावर निजवायचे. माझा जीव जडला होता त्याच्यावर, हे सांगितलं तर विश्वास ठेवाल? नका ठेवू.

त्या वर्षीच्या मे महिन्यात त्याला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात नेईपर्यंत अंगातलं पाणी गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यात अशी बाळं रोज येतात. कपड्याने कुणी मरत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. पण मी तो तुकडा बाळ मरावं म्हणूनच दिला होता ना? मग डॉक्टर काय म्हणाले याला काय अर्थ आहे?

तरीही खरं पाप ते नाही. ते यापुढचं आहे.

सासूबाई ओट्यावर दुपटं उसवायला बसल्या. कुणाचा तुकडा बाधला, ते त्यांना शोधायचं होतं. एकेक तुकडा ओळखत, बाजूला ठेवत गेल्या. निळ्यावर हात थांबला. ‘हा त्या बाईचा.’ मग पिवळा उचलला. ‘अन् हा कोणाचा वं?’

मी म्हणाले, ‘तोही तिचाच.’

विचार करून बोलले नव्हते, पण चुकूनही बोलले नव्हते. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं तर सासूबाईंनी चार ठिकाणी चौकशी केली असती. वत्सलाचं नाव घेतल्यावर चौकशीची गरजच पडणार नव्हती. मला ते पक्कं माहीत होतं, म्हणूनच तिचं नाव माझ्या तोंडात आलं.

तिला बोलावलं. ती मुलं घेऊनच धावत आली. तिला वाटलं, सुमनलाच काही झालं. ओट्याखाली उभं राहून तिने सगळं ऐकलं — करणी केली, बाळ खाल्लं, आणि तिच्या जातीवरून जे बोलायचं तेही. मग ती माझ्याकडे वळली. ‘तो माया नाही. वयनीनं देल्ला होता. सांगा ना वयनी!’

दूध उतू जातंय, असं म्हणून मी आत गेले. चुलीवर काहीच नव्हतं. मी रिकाम्या चुलीपुढे उभी राहिले आणि बाहेर सुमनला तिच्या अंगावर ओरडताना ऐकत राहिले.

सासूबाईंनी सगळे तुकडे न्हाणीच्या बंबात घातले. पिवळा तुकडा माझ्यासमोर जळला. माझ्या मुलीचं तेवढंच काही उरलं होतं, कारण बाकीचा फ्रॉक पकडले जाईन या भीतीने मी आधीच फेकून दिला होता. तो माझ्या मुलीचा आहे, एवढं म्हणायची माझी छाती झाली नाही.

मोहल्ल्याने वत्सलाकडे गोधड्या द्यायचं बंद केलं. पोरं तिच्या पोरांना काय म्हणायची ते मी इथे लिहीत नाही. हिवाळा यायच्या आत ती मंडळी कुहीकडे, तिच्या भावाच्या गावी निघून गेली. कुही काही परदेशात नाही, बस जाते. मी कधी गेले नाही.

सुमनला पुन्हा मूल झालं नाही. आता घरात आम्ही दोघीच म्हाताऱ्या आहोत. थंडी पडली, गोधड्या उन्हात टाकल्या, की तिला हमखास आठवण येते. परवाही म्हणाली, ‘मी तिले मैत्रीण मानलं वं, अन् तिनंच माया लेकराचा घात केला.’

मी म्हणाले, ‘हो गं.’ आणि तिच्या पायांवर गोधडी घातली.