कपाटावरची सूटकेस बोलतेय

छत्री बोलते यात मला कधी नवल वाटलं नव्हतं. आमच्या शाळेत फाटकी छत्री बोलायची, पडका किल्ला बोलायचा, आटलेली विहीर बोलायची आणि सगळ्यांचा सूर एकच, रडका. शेवटी ‘माणसांनो, माझे हाल पाहा’ असं लिहिलं की गुण ठरलेले. निबंधाच्या या प्रकाराला आत्मवृत्त म्हणतात. इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या स्लाऊ गावात दर शनिवारी मराठीचा वर्ग घ्यायला लागले, तेव्हा वर्णनात्मक, कल्पनाप्रधान, वैचारिक यांच्याबरोबर हाही प्रकार मी मोठ्या हौसेने मुलांपुढे ठेवला.

वर्ग म्हणजे कौन्सिलच्या कम्युनिटी सेंटरमधली एक खोली. शेजारच्या हॉलमध्ये कराटे चाले, त्यामुळे आमच्या ‘समुद्रकिनाऱ्यावरील संध्याकाळी’त मधूनच आरोळ्या उठत.

“पण काकू, छत्री सॅड का आहे?” एका मुलीने विचारलं. “इथे तर तिला रोज जॉब असतो.”

खरंच, का रडते छत्री? घरी येऊन नवऱ्याला विचारलं, तर तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, “मार्कांसाठी.”

हा प्रश्न विचारणारी मुलगी तेरा वर्षांची, एका डॉक्टरांची एकुलती एक. डॉक्टर इथल्या हॉस्पिटलमध्ये काम करायला आले ते ‘पाच वर्षांत परत’ असं म्हणून. ही मुलगी इथेच जन्मली, वाढली तरी त्यांची पाच वर्षं काही संपली नव्हती. आता मात्र त्यांनी मनावर घेतलं होतं. पुण्याची एक शाळा तिला घ्यायला तयार होती. फक्त मराठी निबंध लिहून दाखवायची अट होती.

“वहिनी, तिच्या निबंधाचं तेवढं बघा,” ते मला म्हणाले. “बाकी सगळ्यात ती हुशार आहे.”

म्हणजे ती पास झाली की ते सगळे जाणार. मी तिला शिकवायला बसले खरी, पण तिला स्वतःला जायचंय का, हे मला काही केल्या कळेना. पोरगी कधी ब्र काढायची नाही. शेवटी मी वैचारिक निबंधाला विषयच दिला, ‘परदेशातून मायदेशी परतावे का?’ म्हटलं, आता तरी पोटातलं बाहेर येईल.

कसलं येतंय! तिने पान उभं दुमडून दोन भाग केले. डावीकडे जाण्याच्या बाजूचे मुद्दे, उजवीकडे विरुद्ध, दोन्हीकडे सारखे. तिच्या इंग्लिश शाळेत निबंध असाच शिकवत. आधी दोन्ही बाजू मांडायच्या आणि मत शेवटच्या परिच्छेदात. त्या परिच्छेदात तिने लिहिलं होतं, ‘हे प्रत्येक कुटुंबावर अवलंबून आहे.’ मला तिचा राग आला. आम्हाला शाळेत एक बाजू धरून ठणकावून लिहायला शिकवलं होतं, आणि ही बया दोन्ही डगरींवर हात ठेवून मोकळी.

“अगं, पण तुझं मत काय?”

“ते लिहिलं तर बाबांना वाईट वाटेल,” ती म्हणाली आणि लगेच पेन्सिलीला टोक करायला लागली.

मग मी पुन्हा आत्मवृत्ताकडे वळले. म्हटलं, घरातली कुठलीही वस्तू घे आणि तिला बोलू दे.

“वस्तूला दोन्ही बाजू असतात का, काकू?”

असा प्रश्न आमच्या शाळेत कधी कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “असतीलही. तू विचारून बघ.”

पुढच्या शनिवारी तिने वर्गात उभं राहून वाचलं. तिच्या चुका मी इथे सुधारून घेतल्या आहेत.

‘मी कपाटावरची सूटकेस बोलतेय. माझ्या पोटात नव्या चादरी आणि एक प्रेशर कुकर आहे. हे सगळं पुण्याच्या घरासाठी आहे. दर उन्हाळ्यात बाबा माझी धूळ पुसतात आणि म्हणतात, पुढच्या वर्षी. जाण्याच्या बाजूने: पुण्याला आई मोठ्याने हसते. बाबांना तिथे कोणी नावाचं स्पेलिंग विचारत नाही. विरुद्ध: माझ्या खालच्या कपाटात एका मुलीचे कपडे आहेत. तिची मैत्रीण समोरच्याच रस्त्यावर राहते. पुण्याला सगळे त्या मुलीला पाहुणी म्हणतात आणि पहिला लाडू देतात. माझं मत: मला जायचं नाही. पण सूटकेसला कोणी विचारत नाही. तिला फक्त उचलतात.’

शेजारच्या हॉलमध्ये कराटेवाले ओरडले. मी वर पाहिलं तर दारात डॉक्टर उभे, कोट घालून, हातात गाडीची किल्ली. न्यायला ते लवकर आले होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता हे म्हणणार, वहिनी, हे काय शिकवलंत?

मुलं पांगल्यावर ते माझ्यापाशी आले. “पुण्याला हे चालेल?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“चालेल. नक्की पास होईल.”

त्यांनी मान हलवली. मग मुलीकडे वळून म्हणाले, “तुला नाही जायचं?”

“तसं मी नाही म्हटलं, बाबा. सूटकेस म्हणाली.”

मी उगाचच फळा पुसायला घेतला, तो आधीच पुसलेला होता.

“बरं,” ते अखेर म्हणाले. “मग सूटकेसचं अजून काय म्हणणं आहे?”

तिने कोट चढवला आणि दोघं बाहेर गेले. मी खुर्च्या रचल्या, दिवे बंद केले, दाराला कुलूप लावलं. कार पार्कमध्ये आले तर त्यांची गाडी अजून तिथेच होती. डॉक्टरांनी इंजिन सुरू केलं नव्हतं. काचेआड ती बोलत होती, दोन्ही हात हलवून, आणि ते ऐकत होते.