आखाजीची रजा आणि वैमानिकांची यादी

माझी मामेबहीण, आमची ताई, विमान चालवते. अजून कॅप्टन नाही, शेजारच्या खुर्चीत बसते. पण तिचा नंबर जवळ आला होता. तेवढ्यात तिची कंपनी एका जुन्या, मोठ्या कंपनीत विलीन झाली. त्याच आठवड्यात ती सुरतेत गोडादऱ्याला आमच्या घरी आली आणि मोबाइलवर नव्या यादीचा मसुदा दाखवला. दोन्हीकडचे वैमानिक एका रांगेत. ताईचं नाव येईपर्यंत माझा अंगठा दुखला.

"खाली गेलीस तर काय होतं?" मला खरंच माहीत नव्हतं.

"सगळंच. कॅप्टन कधी, मुक्काम कुठल्या शहरात, सणाला घरी कोण, सगळं नंबरावर. आज मुंबईत आहे म्हणून सुट्टी मिळाली की गाडीने चार तासांत पोरीजवळ येते. उद्या गुवाहाटी दिली तर?"

तिची चार वर्षांची पोर इथे सुरतेत मामीजवळ वाढते.

मी भडकलो. दोन मालक हात मिळवतात आणि रांगेत भांडायचं काम कामगारांचं. कारागिरांसाठी पत्रकं लिहून हात बसलेलाच आहे, कागद ओढला. "मागणी काय लिहू? जो आधी लागला तो आधी?"

ताई हसली. "लिही भो. मोठी कंपनी फुकट छापून देईल. मसुदा त्याच नियमावर केलाय."

तिची कंपनीच नवी. तिथे ती वरच्यांत होती. नोकरीची तारीख लावली की तिथले सगळे शेपटाला.

"मग दुसरा नियम कोणता?"

"दोन्ही याद्या ओवायच्या. एक इकडचा, एक तिकडचा. पण मग त्यांचा जुना माणूस माझ्या खाली जातो. तोही चिडणारच."

माझं पेन थांबलं. कारण 'जो आधी लागला तो आधी' ही मागणी माझीच होती. माझे वडील, आबा, ज्या शेडमध्ये माग चालवतात, तिच्या मालकाने तीन वर्षांपूर्वी शेजारची छोटी, नवीच शेड घेऊन मधली भिंत पाडली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, म्हणून खानदेशातल्या प्रत्येक कारागिराला गावी जायचं असतं. माग बंद ठेवायचे नाहीत म्हणून मालक मोजक्यांनाच सोडतो. मी पत्रक काढलं: जुन्याला रजा आधी. मालकाने लगेच मान्य केलं. मी तो विजय समजत होतो.

आबा जेवत होते. विचारलं, "छोट्या शेडवाल्यांचं काय झालं मग?"

"काय होणार? माझ्या बाजूच्या मागावर त्यांच्यातलाच एक आहे. लेक गावी येते, हा इथे. तीन आखाज्या झाल्या."

"तुम्ही बोलला नाहीत कधी."

"माझी रजा पक्की झाली होती ना." आणि त्यांनी भाकरी मोडली.

ताईला हरकत नोंदवायला दहा दिवस होते. मी तिला अर्ज लिहून दिला, याद्या ओवा म्हणून. मग त्याच मागणीचं पत्रक शेडच्या दारात वाटलं. दुसरं तोंड कुठून आणणार?

ताईची यादी अजून लटकलेली आहे. शेडमधली रजेची यादी बदलली. बाजूच्या मागावरचा माणूस यंदा लेकीला भेटून आला. आबा सुरतेतच राहिले आणि माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत.

ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आमच्याकडे मोठ्या कंपनीतला एक जुना कॅप्टन आहे. त्याने माझा अर्ज वाचलाय. तोही बोलत नाही."