स्वच्छ पाण्यातलं पिल्लू

गेल्या मे महिन्यात आमच्या घरातला एकुलता एक कूलर माशांच्या अंड्यांना मिळाला आणि मला, सातव्या महिन्यात, हातपंखा. नणंद एम.एस्सी. करते. प्लास्टिकच्या बारीक कणांनी माशांच्या वाढत्या पिल्लांचं काय होतं, हा तिचा प्रोजेक्ट. कॉलेजला सुट्टी लागली तशी ती अंडी आणि मायक्रोस्कोप घेऊन प्रकाशाला, तापीकाठच्या आमच्या गावी, घरी आली.

"दार लोटी ले वं, अंडास्ले झळ लागी जाई," सासूबाई मला बजावायच्या. माझं डोहाळजेवण 'ऊन उतरू दे, मग बघू' म्हणून पुढे ढकलणाऱ्या सासूबाई त्या काचेच्या वाट्यांपाशी पाय न वाजवता चालायच्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. नवराही येता-जाता तिथेच डोकावायचा. प्लास्टिक त्यानेच पुरवलं होतं, आमच्या पपईच्या वावरात मातीवर अंथरलेला काळा मल्चिंग पेपर, उन्हाने तुकडे पडलेला. नणंदेने त्याचा पिठासारखा चुरा करून काही वाट्यांत घातला, काही वाट्या स्वच्छ ठेवल्या. मनातल्या मनात मी सगळ्याच मोरीत ओतून मोकळी झाले होते.

अंडी फुटल्यावर एका दुपारी तिने हाक मारली.

"वहिनी, ये, देख. हाई साफ पानीमानं शे."

मी डोळा लावला. आरपार दिसणारं पिल्लू, सरळ, चपळ, आत इवलंसं काळीज धडधडतंय. मग तिने दुसरी वाटी सरकवली. या पिल्लाची पाठ वाकलेली, छातीपाशी सूज, धडधड संथ आणि पोटात काळे कण. सगळीच अशी होत नाहीत, ती म्हणाली, पण होतात. माझा हात आपोआप पोटावर गेला.

"साफ पानी कथाईन लई उनी तू?"

"लॅबमा बनाडेल शे. काचनी बाटलीस्मा लई उनू."

"थोडं उरेल शे का?"

ती हसली. "पेवानं नई शे ते, वहिनी."

मी हसले नाही. कूलरचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याहून वाईट जळफळाट सुरू झाला. जावेच्या पाटल्यांचाही मला कधी एवढा हेवा वाटला नव्हता, जेवढा त्या सरळ पाठीच्या पिल्लाचा वाटला. त्याच्यासाठी कुणीतरी वेगळं पाणी बनवलं होतं. माझ्या पोटातलं बाळ ओसरीवर तापलेल्या प्लास्टिकच्या जारमधल्या पाण्यावर आणि पिशवीच्या दुधावर वाढत होतं, आणि त्याच्यासाठी स्वच्छ पाण्याची वाटी कुणी मांडली नव्हती.

मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. सासूबाई रोज दृष्ट काढतात. यंदा कूलर आमच्या खोलीत आहे आणि वावरात पपईला पुन्हा तोच पेपर अंथरलाय. न्हाऊ घालताना मी तिला पालथी घेते आणि मानेपासून खालपर्यंत पाठीवरून बोट फिरवते. रोज.