कंट्रोलच्या ओळीला शेणकाला

संध्याकाळचं पाणी आम्ही दोघांनीच घातलं. झारी माझ्याकडं, बादली इंदूकडं. कोळवणच्या अलीकडं वनखात्याची रोपवाटिका होती, तिथं मी वनमजूर. इंदू माझी बायको, तीही तिथंच रोजंदारीवर. हिरड्याच्या चौथ्या ओळीतल्या पिशव्यांना तिनं शेणकाला घातला, म्हणजे शेण कालवलेलं पाणी.

“अगं, त्या ओळीला काय घालू नको म्हणालीय ती पोरगी.”

“तीन ओळींनी जेवायचं आन् हिनं त्वांडाकडं बघत बसायचं व्हय? मी रोजच घालतीया.”

“रोज?”

“मग! बगा की, कसं बाळसं धरलंय.”

मी हसलो. झारी उपडी ठेवून आम्ही घरी गेलो. पहाटे तिच्या छातीत कळ आली. पहिली एसटी यायच्या आत सगळं संपलं.

ती पोरगी म्हणजे मेघना. लातूरकडची. पुण्यात सायन्स शिकायची आणि जोडीला फॉरेस्ट्री. दोन्हीला मिळून एकच प्रोजेक्ट. तो बुडाला तर दोन्हीकडचं वर्ष बुडणार. काम साधं होतं. हिरड्याच्या रोपाला कुठलं खत मानवतं ते बघायचं. तीन ओळींना तीन खतं, चौथीला नुसतं पाणी. ह्या चौथीला कंट्रोल म्हणतात. खतानं किती फरक पडला ते हिच्याशी ताडून बघायचं.

तेरावं उरकून कामावर गेलो, तर मेघना पट्टी घेऊन रोपं मोजत होती. तिचे दोन सर शेजारी उभे. कंट्रोलच सगळ्यात उंच निघाली. पोरीचं तोंड उतरलं.

सायन्सचे सर म्हणाले, “खत न घालता? असं कसं होईल?”

फॉरेस्ट्रीचे सर मात्र खूश. “काय रोपं आहेत! डोंगरावर लावायला द्या.”

“अहो, पण रिझल्ट काय लिहायचा?”

“लिहा, सगळी जगली. आम्हाला आणखी काय पाहिजे?”

मी म्हणालो, “भांडू नका. त्या ओळीला आमची मंडळी शेणकाला घालत हुती. रोज.”

मेघनाला रडता रडता हसू फुटलं. “बाबा, मावशींना मी किती समजावलं होतं! हो म्हणाल्या होत्या.”

“मलाबी जन्मभर हो म्हणत हुती.”

सायन्सचे सरही हसले. पण हा प्रोजेक्ट बाद, म्हणाले. मी त्यांना कोपऱ्यातली रोपं दाखवली. त्याच वयाची, खत न घातलेली. म्हणालो, “ह्यांच्यावर नव्यानं करा.”

“आणि परत तसंच झालं तर?”

“कोण करणार? ती आता येत न्हाई. बिनधास्त मांडा.”

सर खाली बघायला लागले. मग म्हणाले, “पावसाळा संपेपर्यंत मुदत देतो.”

पोरगी पास झाली, दोन्हीकडं. ह्या खेपेला तीन खतांत एक शेणकाला धरला होता, तोच पहिला आला. इंदूची रोपं फॉरेस्ट्रीच्या सरांनी डोंगरावर लावून घेतली. मी एवढंच शिकलो, की कंट्रोलची ओळ माया करणाऱ्या माणसाच्या हाती देऊ नये.

पण हे सगळं पुढचं. मोजणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेलो. नव्या चार ओळी मांडल्या. तिघींना ज्याचं त्याचं खत दिलं. चौथीला नुसतं पाणी घातलं. तिथं जास्त वेळ थांबलो नाही.