तानाजी अण्णांचं रॅचेट

तानाजी अण्णांच्या हातातून पाना तिसऱ्यांदा पडला. या वेळी त्यांनी तो उचलला नाही.

मी साताऱ्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. हात-पाय अधू झालेल्या माणसाला त्याचं काम पुन्हा करता यावं, हे पाहणं माझी नोकरी. अण्णा फौजेत गाड्यांचे फिटर होते. रिटायर झाल्यावर कोरेगावजवळ त्यांनी ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज टाकलं. पुढं संधिवातानं बोटं वाकडी झाली, मूठ वळेना.

साधा पाना थोडा फिरवला की काढून पुन्हा बसवावा लागतो. नेमकं तेच त्यांना जमत नव्हतं. म्हणून लांब दांड्याचं रॅचेट आणलं. ते नटावर एकदा बसवलं की नुसतं मागं-पुढं हलवायचं. दांड्याला फोम गुंडाळून जाडी वाढवली. मनगटाला पट्टा लावला, म्हणजे पकड सुटली तरी टूल पडायचं नाही. तीन आठवड्यांनी अण्णांनी ट्रॅक्टरमागं जोडायच्या रोटाव्हेटरचं गंजलेलं पातं माझ्यासमोर सोडवलं. मी फाइलवर 'उद्दिष्ट साध्य' लिहिलं.

महिन्यानं फॉलो-अपला गॅरेजवर गेले. रॅचेट खिळ्याला टांगलेलं. फोमला जेमतेम ग्रीस लागलं होतं. दुरुस्तीला आलेलं एकही अवजार नव्हतं.

"पट्टा टोचतो का?" मी विचारलं.

"न्हाई. टूल लय बेस हाय."

"मग?"

अण्णांच्या पत्नी शालनकाकू म्हणाल्या, "जुनं गिऱ्हाईक रोटाव्हेटर घिऊन आलं हुतं. ह्यांनी निम्मी पाती सोडवली. त्यो पट्ट्याकडंच बघत उभा. मग म्हनला, ऱ्हाऊ द्या अण्णा, तुमाला तरास नको. तसंच उचलून घिऊन गेला."

"जमतंय म्हणून सांगायचं ना त्याला."

"सांगितलं की," अण्णा म्हणाले. "चांगला मानूस हाय त्यो. वाईट बोलला असता तर भांडलो असतो."

"लोकांसमोर पट्टा काढून काम केलं तर?"

"पट्टा काढला की टूल पडतंय, मॅडम."

दिवाळीआधी अण्णांनी गॅरेज बंद केलं. रॅचेट स्वच्छ पुसून माझ्याकडं परत पाठवलं, दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून.

आमच्या फॉर्ममध्ये पकडीचं बळ लिहायला रकाना आहे, गिऱ्हाइकाच्या नजरेसाठी नाही. आता नवं टूल दिलं, की पहिलं गिऱ्हाईक येईल त्या दिवशी मी तिथं जाऊन उभी राहते. अण्णांच्या वेळी मी दवाखान्यात बसून होते.